गल्लीपुढचं लाल टिंब

४ मार्च

चि. ढब्बू,

भिंगरीला माझ्याकडे सोडून गेलास त्याला आज महिना झाला. पहिल्याच दिवशी मी तिचं माप घेतलं. छाती बावीस, कंबर एकवीस, उंची सत्तेचाळीस. टेप गुंडाळून होईपर्यंतसुद्धा ती एका जागी उभी राहिली नाही. आठ वर्षांच्या मुलीने इतकं गरगर फिरायचं म्हणजे काय? भिंगरी म्हणायला लागलात तिथेच तुम्हा नवराबायकोचं चुकलं. तिची आई वारली, तिला आता काय बोलायचं. तू आहेस, म्हणून तुला बोलते.

इथली शिस्त ऐकून ठेव. शाळेतून आलं की हातपाय धुवायचे, दूध प्यायचं, अभ्यास करायचा आणि मग माझ्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसून बटणं निवडायची. गल्लीत खेळायला जायचं नाही. दाराबाहेरच्या पायरीवरसुद्धा नाही. खिडकीतून दिसतं तेवढं पुष्कळ आहे.

या गल्लीत चौतीस घरं आणि एकोणीस कार्टी आहेत. सगळ्यांचे शाळेचे कपडे मीच शिवते, त्यामुळे त्यांची नावं मला माहीत नसली तरी मापं पाठ आहेत. समोरच्या घरातली अठ्ठावीस छाती ही सगळ्यांची पुढारीण. चोवीस कंबरेने माझी काच दोनदा फोडली. चार ते सात भर रस्त्यात यांचं राज्य असतं. माझ्याच शिलाईच्या खडूचे तुकडे उचलून रस्त्यावर लंगडीची घरं आखतात. गाडी आली की "गाडी, गाडी" ओरडतात आणि उपकार केल्यासारखी बाजूला होतात. गाडीवाला बिचारा ताटकळत उभा.

मी गल्लीच्या समितीकडे अर्ज दिलाय. दोन्ही टोकांना बोर्ड लागला पाहिजे, "येथे खेळण्यास मनाई आहे." समितीचा अध्यक्ष म्हणजे कोपऱ्यावरचा दातांचा डॉक्टर. दर वर्षी त्याचा कोट मीच उसवून मोठा करून देते, तो नाही म्हणायचा नाही.

आणि हो, दुकानाच्या फोनवर निरोप ठेवत जाऊ नकोस. फोनवर तू आधी रडतोस आणि दुसऱ्या दिवशी असं बोललोच नाही म्हणतोस. पत्र लिही. कागदावरचं राहतं.

— ताई

११ मार्च

ती. ताई,

नमस्कार. तुझं पत्र तीनदा वाचलं. तू तिला ठेवून घेतलंस, तिच्या शाळेचं बघतेस, हे ऋण माझ्याच्याने फिटायचं नाही. डेपोच्या या एका खोलीत, चौघा ड्रायव्हरांच्या खाटांमध्ये, मी तिला कुठे ठेवली असती?

पण ताई, तिला थोडा वेळ खेळू दे ना गं. तासभर. तिची आई होती तेव्हा ती रोज बाहेर असायची.

तुला माझं काम नीट माहीत नाही म्हणून सांगतो. इथून पार्सलच्या छत्तीस गाड्या सुटतात, त्यातल्या पाच तुमच्या गावाकडे. कुठल्या गाडीने कुठल्या रस्त्याने जायचं ती मार्गवही मी लिहितो. दर गल्लीची एक ओळ. रुंदी किती, वळण कसं, वायरी खाली लोंबतात का, कुत्री आहेत का. आणि जिथे पोरं खेळतात त्या गल्लीपुढे मी लाल पेन्सिलीने टिंब देतो. टिंब असलं की चार ते सात तिथे गाडी घालायची नाही, लांबून जायचं. ही रीत आमच्या डेपोच्या आधीच्या मास्तरांनी घालून दिली, ड्रायव्हरही ती पाळतात. ते काय म्हणतात माहीत आहे? पोरं दिसली की पाय आपोआप ब्रेकवर जातो. पोरं नसली की ती गल्ली उरत नाही, नुसता रस्ता होतो. तुझ्या गल्लीपुढे सात वर्षांपूर्वी मी माझ्या हाताने टिंब दिलंय. ती पोरं रस्ता अडवतात म्हणून तुझी गल्ली शांत आहे, ताई.

आणि रस्त्यावर खेळणाऱ्या पोरांना पाठीला कान फुटतात. मागून येणारी गाडी त्यांना न बघता कळते. घरात बसून ते येत नाही.

सोबत तिच्यासाठी एक लाल रबरी चेंडू पाठवतो आहे. माझी म्हणून एवढी विनंती ऐक.

— ढब्बू

२ एप्रिल

चि. ढब्बू,

चेंडू मिळाला. कातरीने मधोमध कापला. एका अर्ध्यात टाचण्या ठेवते, दुसऱ्यात काजाच्या सुया. रबर असल्यामुळे टोचून ठेवल्या तरी पडत नाहीत, फार सोयीचं झालं. कापताना भिंगरी समोरच होती. ती रडली नाही. मुलगी तुझ्यापेक्षा शहाणी आहे.

मला चेंडू पाठवताना तुला काहीच वाटलं नाही ना? मी अकरा वर्षांची होते, तू सहा. तू मुद्दाम चेंडू रस्त्यापलीकडे फेकलास आणि मी आणून द्यावा म्हणून पाय आपटलेस. आई म्हणाली, "तू मोठी आहेस, आण जा." दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्या ट्रकने माझा डावा पाय पावणेदोन इंच आखूड करून ठेवला. आणि तू काय सांगितलंस सगळ्यांना? "ताई आपणहून धावली. मी नको म्हणत होतो." सहा वर्षांच्या पोरावर सगळ्यांनी विश्वास ठेवला, मीसुद्धा कधी तोंड उघडलं नाही. तीस वर्षं एका पायाने मशीन चालवते आहे. तेव्हा रस्त्यावर काय शिकतात आणि पाठीला कान कसे फुटतात हे मला नको सांगूस. नाकाने कांदे सोलायची तुझी सवय जुनीच आहे.

बोर्ड लागले. डॉक्टरने नाही म्हटलं नाही. पहिले चार दिवस पोरांनी गोंधळ घातला, अठ्ठावीस छातीने तर बोर्डाखालीच लंगडी घातली. मग मी प्रत्येक घरी जाऊन सांगितलं, ज्याचं पोर रस्त्यावर दिसेल त्याचे कपडे दुसरीकडे शिवायचे. दुसरीकडे म्हणजे कुठे? पाच गल्ल्या ओलांडून. आता सगळ्या आया सरळ झाल्यात.

— ताई

२९ एप्रिल

ती. ताई,

नमस्कार. तू पायाचं काढलंस, मी काय बोलू? मी लहान होतो. त्याची शिक्षा भिंगरीला नको, एवढंच म्हणतो. पण तुझं घर, तुझी शिस्त. मी आता त्यावर वाद घालत नाही.

इथे नवीन साहेब आलेत. जुन्या मास्तरांच्या सगळ्या रीती त्यांना खुळचट वाटतात. सकाळी घड्याळ घेऊन उभे राहतात. सतरा नंबरचा मार्ग, म्हणजे तुमच्याकडचा, रोज उशिरा संपतो म्हणून चारचौघांत माझी खरडपट्टी काढली. म्हणाले, मार्ग लिहिता येत नसतील तर गोणी उचलायला हमालीत जा. बेचाळीसाव्या वर्षी मी गोणी उचलू का, ताई?

असो. तुला एक विचारायचं होतं, सहजच. ती गल्ली खरंच रिकामी झाली का? म्हणजे चार ते सात अगदी कुणीच नसतं का? की अधूनमधून येतात पोरं? जरा नीट बघून लिही. तुझ्या खिडकीतून सगळं दिसतंच.

भिंगरीला माझा पापा दे.

— ढब्बू

१० मे

चि. ढब्बू,

अखेर तुलाही पटलं तर. विचारलंस ते बरं केलंस, मला सांगायला आनंदच आहे. सलग आठ दिवस मी मशीनवरून डोळा ठेवला. चार वाजता कुणी नाही. पाचला कुणी नाही. सहाला डॉक्टरचा कुत्रा. सातला दिवे. खडूच्या रेघासुद्धा पुसून गेल्या. पोरं आपापल्या घरात असतात, पडद्याआडून आवाज येतात तेवढेच. खात्रीने सांगते, चार ते सात या गल्लीत एक पोर नसतं.

भिंगरीची प्रगती ऐकून ठेव. तुरपाई येते, बटणं लावता येतात, काज अजून वाकडं होतं. पहिले काही दिवस स्टुलावर बसल्या बसल्या पाय हलवायची. मी दोन्ही घोटे टेपने स्टुलाला बांधले, सैलच, लागेल असे नाही. पंधरा दिवसांनी टेप काढला. आता बांधायची गरज पडत नाही. बाहेर जाऊ का, हे विचारणंही बंद झालंय. तुझा पापा दिला नाही, मला असले लाड जमत नाहीत.

— ताई

२८ जून

ती. ताई,

घाईत लिहितोय. बातमी चांगली आहे. साहेब खूश झाले. एका मार्गातून मी अकरा मिनिटं वाचवली, तर सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. म्हणाले, असं डोकं चालवणारी माणसं हवीत. पुढच्या वर्षी दोन खोल्यांचं घर मिळायची आशा आहे. मिळालं की भिंगरीला घेऊन जाईन, तुझ्या डोक्यावरचा भार कमी होईल. तिला सांग, तिथे मागे मोठं मैदान आहे.

टेपचं वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. पण तू काढलास म्हणतेस, मग ठीक आहे.

— ढब्बू

२० जुलै

चि. ढब्बू,

तुझ्या डेपोच्या गाड्यांना आमच्या गल्लीत काय काम? महिना झाला, चार वाजले की एकामागून एक पाच येतात. पूर्वी कधी आल्या नव्हत्या. कुठेही थांबत नाहीत, इथे कुणाचं पार्सल नसतं, नुसत्या भरधाव आरपार निघून जातात. वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यांवर धुळीचा थर बसतो, मला ते पुन्हा धुवावे लागतात. परवा डॉक्टरचा कुत्रा त्यांच्याखाली गेला. म्हातारा रस्त्यात बसून रडत होता, मला तर हसूच आलं.

मी एका ड्रायव्हरला खडसावलं. तो म्हणाला, "मार्गवहीत आहे बाई, आम्ही काय करणार?" मार्गवही तूच लिहितोस ना? मग बंद कर हे. आणि भिंगरीला मैदानाबिदानाचं आमिष दाखवू नकोस. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलेलं नाही.

— ताई

१४ ऑगस्ट

ती. ताई,

नमस्कार. तुझ्या पत्राचं उत्तर द्यायला उशीर झाला, रागावू नकोस. गाड्यांचं मी वर कळवलंय. मार्ग सगळेच काही माझ्या हातात नसतात, वरून सांगतात तसं लिहावं लागतं.

त्यातच इथे एक भानगड झालीय. परवा सतरा नंबरच्या मार्गावर, तुमच्याच भागात, आमच्या एका गाडीची धडक एका शाळकरी पोरीला बसली. नेमकी कुठली गल्ली ते ड्रायव्हरला धड सांगता येईना. एवढंच बोलतो की रस्ता मोकळा होता, पोरगी चालत समोर आली, हातात कसलंसं पुडकं होतं आणि तिने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. पोर जगलंय म्हणे. साहेबांनी मला बोलावून विचारलं, या रस्त्यावर पोरं नाहीत हे कुणाच्या खात्रीवर लिहिलंत?

ताई, माझी नोकरी जाईल गं. तुझी तिथे सगळ्यांशी ओळख आहे. पोरगी अचानक धावत आडवी आली, असं लिहून देणारं कुणी मिळेल का? दोघं पुरेत, एक असलं तरी चालेल. खोटं काय त्यात? पोरांना रस्त्यावर सोडणाऱ्या आईबापांचीच चूक असते. तू पहिल्यापासून म्हणत होतीस ते मला आता पटतंय. आपली भिंगरी तुझ्या शिस्तीत, घराच्या आत आहे, म्हणून मी तेवढ्यापुरता निर्धास्त आहे.

एवढं माझ्यासाठी कर. उलट टपाली लिही.

— ढब्बू

१९ ऑगस्ट

चि. ढब्बू,

साक्षीदार मिळाला. तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच मी चौकीवर जाऊन जबाब लिहून दिला होता. मजकूर असा: "मुलगी आपणहून धावली. मी नको म्हणत होते." शब्द ओळखीचे वाटले का? तू सहा वर्षांचा असताना दिलेलाच जबाब, मी फक्त माझी सही केली. तुझ्या नोकरीला धक्का लागणार नाही.

पोरगी तुझी.

बारा तारखेला, सव्वाचार वाजता. रस्त्यात कुणाचा तरी जुना चेंडू पडलेला दिसला आणि माझा डोळा चुकवून ती त्याच्यामागे पळाली. डावा पाय. गुडघ्याखाली दोन ठिकाणी. दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, ती चालेल, पण पाय दोन इंच आखूड राहील. शुद्धीवर आल्यावर रडली नाही. तिने फक्त विचारलं, "आत्या, आता पाय बांधायला नको ना?"

तू धावत यायला निघशील, म्हणून पुढचं नीट वाच. ड्रायव्हर खाली उतरला तेव्हा त्याच्या हातातून एक कागद पडला, तो मी उचलला. तुझ्या मार्गवहीतली नक्कल, तुझ्या अक्षरात. तुझं अक्षर मी अंधारातसुद्धा ओळखीन. सतरा नंबर, नववी ओळ, माझी गल्ली. लाल टिंब खोडलेलं आणि पुढे लिहिलंयस, "मुलं नाहीत. वेग ठेवता येईल." शेवटच्या रकान्यात, खात्री कुणाची, तर "बहीण, तिथेच राहते."

म्हणजे मी सहज म्हणून दिलेली माहिती तू साहेबाला अकरा मिनिटांत विकलीस. आणि मी गल्ली रिकामी केली नसती तर तुला विकायला काही मिळालं नसतं, हेही मला कळतं. मी स्वतःला फसवत नाही. जन्मभरात आपण दोघांनी मिळून केलेलं हे पहिलंच काम.

आता तुझं काय ते ठरव. तू आलास, तिला नेतो म्हणालास, तर हा कागद मी आधी चौकीवर देईन आणि मग तिला वाचून दाखवीन. तिला वाचता येतं, तेव्हा तिच्याच हातात देईन. नाही आलास, तर कागद माझ्या मापाच्या वहीत राहील आणि तिला कधी कळणार नाही. बाप चांगला होता, एवढं तरी तिच्याकडे उरेल. तिच्या दवापाण्याला माझी मशीन समर्थ आहे.

— ताई

२७ ऑगस्ट

ती. ताई,

आठ दिवस हातात पेन धरवत नव्हतं. दोनदा स्टँडवर गेलो. एकदा तर तिकीटही काढलं. गाडी सुटायच्या आत उतरलो.

तू म्हणतेस तसंच होऊ दे. मी येत नाही. तिने माझ्याकडे त्या नजरेने बघितलं तर मी जगू शकणार नाही, हे तू ओळखलंस. ती तुझ्याकडेच राहू दे. कागद मात्र कुणाला दाखवू नकोस, तुझ्या पाया पडतो. जाळून टाकलास तर फार उपकार होतील.

ड्रायव्हर पुडक्याचं काहीतरी म्हणत होता. त्याचा घोटाळा झाला असेल. मी त्याला पुन्हा विचारलं नाही.

साहेबांनी प्रकरण मिटवलं. माझी जागा शाबूत आहे. सोबत भिंगरीसाठी दोन ओळी ठेवल्यात, तिला दे.

— ढब्बू

(सोबतची चिठ्ठी)

बाळ भिंगरी, आत्याचं ऐकलं नाही की असं होतं, बघितलंस ना? आत्याने नको म्हटलं असताना तू रस्त्यावर धावलीस, त्याचं मला फार वाईट वाटलं. आता शहाण्यासारखी वाग. मला कामामुळे यायला जमणार नाही. लवकर बरी हो. — बाबा

५ नोव्हेंबर

चि. ढब्बू,

भिंगरी चालायला लागली. मी माझ्या पायासाठी ज्याच्याकडून उंच टाचेचा बूट करून घेते, त्याच चांभाराने तिलाही करून दिला. दोघींचा डावा पाय. तिच्या स्कर्टची डावी किनार मी दीड बोट वर घेतली, उभी राहिली की कुणाच्या लक्षात येणार नाही. चालताना येईल, त्याला इलाज नाही. बाजारात जातो तेव्हा आमच्या दोघींची पावलं एकदम पडतात. इतक्या वर्षांत माझ्याबरोबर माझ्या चालीने चालणारं कुणी नव्हतं.

काज आता सरळ येतं.

तिने तुला पत्र लिहिलंय. मी ते वाचलं आणि एक अक्षर न बदलता पाठवते आहे. शब्द पाळला नाही म्हणून मला शिव्या दे. पण तुझी चिठ्ठी वाचून तिने मला विचारलं, "बाबा असं का म्हणाले?" आणि तिच्या तोंडाकडे बघून माझ्याने खोटं बोलवेना. म्हणशील, जबाब देताना बोलवलं ते? तेव्हा ती समोर नव्हती.

— ताई

(सोबतचं पत्र)

प्रिय बाबा,

तुमची चिठ्ठी मिळाली. मी धावले नव्हते. समोरच्या घरातल्या ताईचा स्कर्ट शिवून झाला होता, आत्याने तो कागदात गुंडाळून माझ्याकडे दिला आणि म्हणाली, पटकन देऊन ये, रस्ता रिकामा आहे. मी चालत गेले. मला बाहेर जायला मिळालं म्हणून मी पायांकडे बघत होते. गाडी येते तेव्हा काय करायचं ते मला आठवलं नाही. आधी यायचं.

रस्त्यात चेंडू नव्हता. आत्याने आता सांगितलं की तिने चौकीत खोटं लिहिलं. तिने मला तुमचा कागद पण दाखवला आणि टिंब म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तुमचं अक्षर छान आहे. तुम्ही येत नाही त्याचं कारणही सांगितलं. तिकीट काढलं होतं तेही सांगितलं. मी त्या दिवशी पण खिडकीत बसले होते.

आत्या वाईट नाही. रात्री माझा पाय शेकते. पण मला ती आवडत नाही. तुम्ही पण नाही. मी दोघांनाही सांगणार होते, म्हणून लिहिलं.

डॉक्टर आजोबांनी दोन्ही बोर्ड काढून टाकले. समोरची ताई रोज संध्याकाळी सगळ्यांना बाहेर बोलावते. ती खिडकीखाली येऊन मलाही बोलावते. लंगडी घालतात. मी बघते. कधीकधी त्यांचा चेंडू आमच्या दारात येतो, तो मी परत देत नाही. आत्याने मला कातर दिली आहे.

पण तुमच्या गाड्या अजून येतात. त्यातली एक काल फार जोरात गेली. म्हणून तुम्ही वहीत आमच्या गल्लीपुढे लाल टिंब परत द्या. खात्री कुणाची तिथे माझं नाव लिहा, मी रोज चार ते सात इथेच बसलेली असते. मी नीट मोजली आहेत. एकोणीस मुलं खेळतात, मी सोडून.